एकच माणूस, एकच इमारत: एकदा सहा तास, एकदा दीड तास

आज इतिहासातली एक गोष्ट घेऊन आलेय आणि ती जिन्याची आहे. हो, आपल्या बिल्डिंगचा जिना. लिफ्ट चालू असेपर्यंत ज्याच्याकडे आपण ढुंकूनही बघत नाही तो.

हा विषय डोक्यात कसा शिरला ते आधी सांगते. मागच्या पावसाळ्यात एका दुपारी आमच्या बिल्डिंगचा फायर अलार्म वाजला. मी खाली गेटवर पार्सल घ्यायला गेले होते, कानात हेडफोन. बघते तर लोक भराभरा जिन्याने खाली येतायत. लिफ्ट तळमजल्यावर येऊन दारं उघडून थांबलेल्या. कुणीतरी विचारलं, "सगळे आले ना?" आणि माझ्या पोटात धस्स झालं. अकराव्या मजल्यावर आजी होती. वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही गुडघे गेलेले, घरातल्या घरातसुद्धा वॉकर घेऊन चालते. अकरा मजले धापा टाकत चढले, दार उघडलं. आजी खुर्चीत बसलेली, पायात चपला, मांडीवर पर्स. मला बघून म्हणाली, "तू कशाला वर आलीस गं? जा खाली."

आग वगैरे काही नव्हती. वायरिंगमध्ये पाणी शिरलं होतं. अर्ध्या तासात सगळे आपापल्या घरी, चहाला. पण तो अर्धा तास आजीशेजारी बसून मी एकच विचार करत होते. खरी आग असती तर? पाठीवर घेतलं असतं तिला? खुर्चीसकट उचललं असतं? कुणाच्या मदतीने? मला काहीही माहीत नव्हतं.

मग मी शोधायला लागले की ज्यांना जिना उतरता येत नाही अशा माणसांना उंच इमारतीतून आजवर कसं बाहेर काढलं गेलं. त्या शोधात मला एक माणूस सापडला, जो एकाच इमारतीच्या एकाच मजल्यावरून दोनदा खाली आला. आठ वर्षांच्या अंतराने. त्या आठ वर्षांत काय बदललं, हीच आजची गोष्ट.

पहिली वेळ: १९९३

२६ फेब्रुवारी १९९३, शुक्रवार. न्यूयॉर्कचं वर्ल्ड ट्रेड सेंटर, एकशे दहा मजल्यांचे दोन मनोरे. दुपारी सव्वाबाराच्या सुमारास उत्तर मनोऱ्याखालच्या पार्किंगमध्ये अतिरेक्यांनी उभी केलेली स्फोटकांची व्हॅन फुटली. सहा माणसं गेली, हजारावर जखमी झाली. २००१ च्या हल्ल्यापुढे हा स्फोट आज बहुतेकांना आठवतही नाही.

स्फोट तळघरात झाला, पण त्रास थेट वरपर्यंत पोहोचला. वीज गेली, जिन्यातले आपत्कालीन दिवेही गेले, लाउडस्पीकर बंद पडला. तळघरातला धूर लिफ्टच्या आणि जिन्यांच्या उभ्या पोकळ्यांतून चुलीच्या धुराड्यासारखा वर चढला. सहलीला आलेली लहान शाळकरी मुलं तासन्‌तास लिफ्टमध्ये अडकून राहिली. हजारो लोक काळ्याकुट्ट अंधारात, तोंडाला रुमाल लावून, कठडा चाचपत उतरले. इमारत रिकामी व्हायला चार तासांहून जास्त वेळ लागला.

उत्तर मनोऱ्याच्या एकोणसत्तराव्या मजल्यावर जॉन अब्रुझो नावाचे अकाउंटंट काम करत होते. नोकरी पोर्ट अथॉरिटीत, म्हणजे ही इमारत ज्यांची होती त्याच संस्थेत. अब्रुझो मोटरवर चालणारी व्हीलचेअर वापरायचे, कारण त्यांचे हात-पाय अधू होते. अशी व्हीलचेअर जिन्याने उतरत नाही. बॅटरी आणि मोटर धरून तिचं वजन इतकं असतं की माणूस राहू दे, रिकामी खुर्ची उतरवायलाच चार जण लागतील. त्या दिवशी अब्रुझो खाली पोहोचले ते इतरांनी हातांनी उचलून आणलं म्हणून. वेळ लागला सहा तास.

सहा तास, मंडळी. इमारत पडणार नव्हती म्हणून ते वाचले.

मधली आठ वर्षं

या स्फोटानंतर पोर्ट अथॉरिटी कामाला लागली. सुधारणांवर ९ कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला. जिन्याच्या पायऱ्यांवर आणि कठड्यांवर अंधारात चमकणारा रंग आला. आपत्कालीन दिव्यांना बॅटरी जोडल्या. प्रत्येक मजल्यावर फायर वॉर्डन नेमले, वर्षातून दोनदा ड्रिल सुरू झालं. आणि त्यांनी १२५ इव्हॅक्युएशन चेअर विकत घेतल्या. लोक तिला नुसतं इव्हॅक चेअर म्हणतात.

ही खुर्ची नव्याने शोधावी लागली नाही, ती बाजारात होतीच. न्यूयॉर्कच्याच डेव्हिड एगन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती तयार केली होती आणि त्यामागे घरचंच कारण होतं. त्यांच्या पत्नीला चालायला त्रास होता आणि तिचं ऑफिस उंच इमारतीत होतं.

खुर्ची दिसायला अगदी साधी. घडी घालून भिंतीवर टांगता येते आणि एका माणसाला सहज उचलता येते. सपाट जमिनीवर चाकांवर चालते. जिन्याशी आलात की मागच्या माणसाने हँडल धरून ती आपल्याकडे तिरकी करायची. मग मागच्या बाजूचे रबरी पट्टे पायऱ्यांच्या कडांवर टेकतात आणि खुर्ची घसरत, पण धरून धरून, खाली जाते. बसणारा जितका जड तितके पट्टे जास्त घट्ट धरतात. यात मोटर नाही, वीज लागत नाही. एरवी चार जणांनी उचलावं लागतं ते वजन एक माणूस सांभाळून उतरवू शकतो, आणि जिन्याची अर्धी बाजू इतरांसाठी मोकळी राहते.

ही अर्धी बाजू फार महत्त्वाची. मनोऱ्यांना प्रत्येकी तीनच जिने होते. दोन जिने रुंदीला साडेतीन फुटांहून जरा जास्त, तिसरा पावणेपाच फुटांच्या आसपास. तेवढ्यातून हजारो लोक खाली उतरणार आणि अग्निशमन दलाचे जवान अंगावर जड सामान घेऊन वर चढणार. तिथे चार जण आडवे होऊन व्हीलचेअर उतरवायला लागले तर काय होईल, विचार करा.

दुसरी वेळ: २००१

११ सप्टेंबर २००१, मंगळवार. सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी उत्तर मनोऱ्यावर विमान आदळलं. ब्याण्णवाव्या मजल्यापासून वर असलेलं कुणीही वाचलं नाही. तिन्ही जिने तुटले होते.

अब्रुझो त्याच एकोणसत्तराव्या मजल्यावर होते. पण या वेळी मजल्यावर इव्हॅक चेअर होती आणि सोबत दहा सहकारी थांबले. त्यांनी अब्रुझोंना मोटरच्या व्हीलचेअरमधून या हलक्या खुर्चीत बसवलं आणि आळीपाळीने धरत जिना उतरायला सुरुवात केली. साधारण दीड तासात ते बाहेर पडले. १० वाजून २८ मिनिटांनी मनोरा कोसळला.

आता १९९३ चे सहा तास आठवा. ८:४६ मध्ये सहा तास मिळवले तर दुपारचे पावणेतीन होतात. तोवर तिथे मनोराच नव्हता.

एक मजला खाली, अडुसष्टाव्यावर, टीना हॅन्सन होत्या. त्याही पोर्ट अथॉरिटीत होत्या. संधिवातामुळे त्याही मोटरची व्हीलचेअर वापरायच्या. एक्याऐंशीव्या मजल्यावरच्या एका दूरसंचार कंपनीतले मायकल बेनफँटे आणि जॉन सेर्केरा खाली उतरताना त्या मजल्यावर थांबले, तेव्हा त्या त्यांना काचेच्या दारामागे दिसल्या. ओळख ना पाळख. दोघांनी त्यांना इव्हॅक चेअरमध्ये बसवलं, अडुसष्ट मजले उतरवलं आणि ॲम्ब्युलन्समध्ये ठेवलं. थोड्याच वेळात मनोरा पडला. तिघेही वाचले.

सिनेमा असता तर इथे संपला असता. पण माझ्या मनातून जात नाही तो सत्ताविसावा मजला.

सत्ताविसावा मजला, बारावा मजला

त्याच मनोऱ्यात सत्ताविसाव्या मजल्यावर एका आरोग्य विमा कंपनीत एड बेया काम करत होते. तरुणपणी पाण्यात सूर मारताना झालेल्या अपघातात त्यांचं मानेखालचं शरीर लुळं पडलं होतं. अंगाने भारदस्त माणूस. त्यांचे ऑफिसातले जिगरी दोस्त म्हणजे एब झेल्मानोविट्झ. एड यांच्या मदतनीस बाईंना एब यांनी खाली जायला सांगितलं आणि स्वतः थांबले. घरच्यांचा फोन आला तेव्हाही सांगितलं की मी मित्राजवळ आहे. अग्निशमन दल येईल, उचलून नेईल, तोवर थांबू.

दल आलंसुद्धा. इंजिन २१ या तुकडीचे कॅप्टन विल्यम बर्क त्यांच्यापर्यंत पोहोचले. ९:५९ ला शेजारचा दक्षिण मनोरा पडला, तेव्हा बर्क यांनी आपल्या जवानांना खाली पाठवलं आणि स्वतः या दोघांपाशी राहिले. तिघेही गेले.

तीन दिवसांनी अमेरिकेच्या अध्यक्षांनी शोकसभेतल्या भाषणात नाव न घेता झेल्मानोविट्झ यांचा उल्लेख केला. तो माणूस त्या मानाला पात्र होताच. पण मला सारखं वाटतं, एकोणसत्तराव्या मजल्यावरचा माणूस खाली येतो आणि सत्ताविसाव्यावरचा येत नाही, याचा हिशेब नुसत्या धैर्याने लागत नाही. धैर्य दोन्हीकडे होतं. एका मजल्यावर उतरवण्याचं साधन होतं, माणसं होती आणि ती लगेच निघाली. दुसरीकडे मदत येण्याची वाट बघितली गेली.

आणि वाट बघणारे एड एकटेच नव्हते. हल्ल्यानंतर अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी, म्हणजे निस्ट, या सरकारी संस्थेने मोठा तपास केला. २००५ मधल्या त्यांच्या अहवालात बाराव्या मजल्याबद्दल लिहिलंय. हळू उतरणाऱ्यांमुळे जिना तुंबू नये म्हणून अशा साधारण ४० ते ६० जणांना उत्तर मनोऱ्याच्या बाराव्या मजल्यावर बाजूला बसवलं होतं. त्यातल्या सुमारे वीस जणांना खाली न्यायला सुरुवात झाली, तोवर मनोरा कोसळायची वेळ आली होती. बारा मजले. धडधाकट माणसाला काही मिनिटांचं काम.

बसवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. हजारो लोक त्यामुळे लवकर बाहेर पडले असतील. विमान आदळलं त्याच्या खालच्या मजल्यांवरचे सुमारे ९९ टक्के लोक वाचले, असं हाच अहवाल सांगतो. पण "तुम्ही जरा थांबा, आधी बाकीचे जाऊ देत" हे वाक्य ज्याला ऐकावं लागतं, त्याच्या बाजूने एकदा बघा.

आणखी दोन गोष्टी मला त्या अहवालात सापडल्या. एक म्हणजे वाचलेल्यांपैकी सुमारे ६ टक्के लोकांनी सांगितलं की त्यांना आधीपासूनच हालचालीची काहीतरी अडचण होती. यात व्हीलचेअरवाले अगदी थोडे. बाकी कुणाचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, कुणाला दमा, कुणाला हृदयविकार, कुणी गरोदर, कुणी वयस्कर. म्हणजे "अपंगांसाठीची सोय" असं आपण ज्याला म्हणतो ती आज ना उद्या आपल्यापैकी कुणालाही लागू शकते.

दुसरी गोष्ट लिफ्टची. आगीत लिफ्ट वापरायची नाही हे आपण लहानपणापासून वाचतोय आणि आपल्या साध्या लिफ्टसाठी ते आजही शंभर टक्के खरं आहे. वीज गेली तर माणूस अडकतो, पोकळीत धूर भरतो, दार नेमकं आगीच्याच मजल्यावर उघडू शकतं. पण दक्षिण मनोऱ्यात दुसरं विमान ९:०३ ला आदळायच्या आधी सोळा-सतरा मिनिटं लिफ्ट चालू होत्या. तेवढ्यात स्वतःहून निघालेले आणि लिफ्ट वापरलेले मिळून सुमारे ३,००० लोक वाचले, असा निस्टचा अंदाज आहे. त्यातून उलटा प्रश्न पुढे आला. आगीतही सुरक्षित चालेल अशी लिफ्ट का बांधू नये? अमेरिकेतल्या बांधकामाच्या नमुना नियमावलीत २००९ मध्ये बदल झाले. ४२० फुटांपेक्षा उंच इमारतीत एक जादा जिना हवा, किंवा त्याऐवजी लोकांना बाहेर काढण्यासाठी खास संरक्षित लिफ्ट चालतील.

लंडन, २०१७

वाटलं असेल की जगाने धडा घेतला. तर ऐका. १४ जून २०१७, लंडनचा ग्रेनफेल टॉवर. चोवीस मजले, जिना एकच. मध्यरात्रीनंतर १२:५४ ला आगीचा पहिला फोन गेला. तिथला नियम होता की आग तुमच्या घरात नसेल तर घरातच थांबा. आग एका फ्लॅटपुरती राहील या हिशेबावर तो नियम बेतलेला. पण बाहेरच्या भिंतीवर लावलेलं आवरण पेटलं आणि आग बघता बघता वर चढली. घरातच थांबा ही सूचना अधिकृतपणे मागे घेतली गेली २:४७ ला, म्हणजे जवळपास दोन तासांनी. ७२ माणसं गेली. इमारतीत ३७ अपंग रहिवासी होते, त्यातले १५ जण वाचले नाहीत.

चौकशी समितीने २०१९ मध्ये शिफारस केली की ज्यांना स्वतःहून उतरता येत नाही अशा प्रत्येक रहिवाशासाठी वेगळी, लिहिलेली योजना हवी. तिला तिकडे 'पीप' म्हणतात, वैयक्तिक आपत्कालीन सुटका योजना. सरकारने २०२२ मध्ये हे व्यवहार्य नाही म्हणून नाकारलं. अपंगांच्या संघटना आणि पीडित कुटुंबं भांडत राहिली. अखेर २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये उंच निवासी इमारतींसाठी तसे नियम झाले. आगीनंतर आठ वर्षांनी.

आणि आपण?

९ डिसेंबर २०११ ला कोलकात्यातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात पहाटे तळघरात आग लागली. न्यूयॉर्कमधल्या १९९३ सारखंच, आग खाली आणि धूर वर. शेजारच्या वस्तीतली पोरं मदतीला धावली. तरी ९० हून जास्त लोक गेले, बहुतेक सगळे खाटेवरून उठता न येणारे रुग्ण.

कायदे आपल्याकडे आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या आठव्या कलमात संकटकाळी समान संरक्षणाचा हक्क दिलाय. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवावी, असंही त्यात आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याखाली दर जानेवारीत आणि जुलैत इमारतीतली आगीची यंत्रणा नीट चालते असं प्रमाणपत्र, फॉर्म बी, द्यावं लागतं. उंच इमारतीत ठरावीक मजल्यांवर रेफ्यूज एरिया लागतो, म्हणजे आगीत थांबण्यासाठी मोकळी, उघडी जागा.

आमच्या बिल्डिंगचा रेफ्यूज एरिया आठव्या मजल्यावर आहे. या वाचनानंतर मी तो पहिल्यांदा नीट बघितला. दोन मोडकी कपाटं, सायकली आणि गणपतीच्या मांडवाचे बांबू. सेक्रेटरी काकांना फोटो पाठवला. बांबू हलायला तीन आठवडे लागले, पण हलले. इव्हॅक चेअरचं म्हणाल तर "पुढच्या बजेटमध्ये बघू" असं उत्तर मिळालंय. मी पाठ सोडलेली नाही.

फुकटात होण्यासारखं मात्र आम्ही केलं. एक यादी बनवली, बिल्डिंगमध्ये स्वतःहून उतरू न शकणारे कोण कोण, कुठल्या मजल्यावर. ती वॉचमनच्या केबिनमध्ये लावली, म्हणजे अग्निशमन दल आलं की विचारत बसायला नको. यादीतली तीन नावं आजीनेच सांगितली, तिच्या बाकावरच्या मैत्रिणी. प्रत्येक नावापुढे दोन माणसं लिहिली, त्यांचे फोन नंबर आणि फ्लॅट नंबर. आजीसाठी मी आणि समोरचा रोहन, मी नसेन तर रोहनची बायको.

आणि मग मी आजीला विचारलं, "तुला उचलायचं तर कसं उचलू?" इतक्या दिवसांत हे कधी विचारलंच नव्हतं. तिच्याकडे उत्तर तयार होतं. डाव्या काखेत हात घालायचा नाही, तो खांदा दुखतो. उतरताना तोंड भिंतीकडे नको, तिला पायऱ्या दिसल्या पाहिजेत. आणि पर्स तिच्याकडेच राहील, तीत औषधं असतात.

अकराव्या मजल्यावरून आठव्याच्या रेफ्यूज एरियापर्यंत चोपन्न पायऱ्या आहेत. मी मोजल्यात. आजी तिथे पोहोचली तरी ती थांबलेलीच असेल, हे मी विसरत नाही. म्हणून यादीत तेही लिहिलंय: "आठवा मजला, रेफ्यूज एरिया, इथून न्यायचं आहे."

तर मंडळी, तुमच्या बिल्डिंगमध्ये, ऑफिसात, कॉलेजात असं कोण आहे? पुढचं फायर ड्रिल होईल तेव्हा "तुम्ही बसा, नुसतं ड्रिल आहे" असं कुणाला सांगितलं जातंय का, तेवढं बघा. आणि त्यांना जाऊन विचारा, कसं उचलू म्हणून. अग्निशमन दलाचा नंबर १०१.

भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.